मध्यंतरमधलं शेवटचं जेवण

तीन आठवडे झाले, आत्या सही करत नव्हती.

भांडत नव्हती, रडत नव्हती, कुणाला उलट बोलत नव्हती. हॉटेल विकायचे कागद समोर ठेवले की चष्मा काढून पदराने पुसायची, परत घालायची आणि म्हणायची, "मला एवढंच सांगा, लोक दुसऱ्यांदा का आले नाहीत?" मग जो तो आपापल्या परीने सांगायचा. छोटी म्हणाली, जमाना बदलला. खिळ्या म्हणाला, सेट जुने झाले. काकू म्हणाल्या, वन्सं, प्रत्येक गोष्टीचे दिवस असतात. आत्या सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि कागद तसेच परत करायची.

"हे नाही," म्हणायची. "जेवणाचं सांगा."

जेवणात काही खोट नव्हती, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. इतकं एकमुखाने, की तिथेच तिला संशय आला.

सोमवारी अकराच्या सुमाराला छोटी आली तेव्हा 'मध्यंतर' हॉटेलचं शटर अर्धंच वर होतं. वाकून आत शिरताना तिची पर्स कडीला अडकली. आत्याच्या थोरल्या भावाची, सिनेनट दादांची ही एकुलती एक लेक. शेहेचाळीस वर्षांची, एका शाळेची मुख्याध्यापिका, पण घरात अजून छोटीच. काखेत कागदांची फाइल होती. जागा तिन्ही भावंडांच्या नावावर. दादांची सही झाली होती, मधला भाऊ गेल्यामुळे त्याच्या जागी काकूंची झाली होती. आत्याच्या नावापुढची ओळ तेवढी कोरी होती, आणि तीन वाजता नवे मालक किल्ल्या घ्यायला येणार होते.

आत दिवे नव्हते. अर्ध्या उजेडात स्टेशन, कोर्ट, तुरुंग आणि जहाज आपापल्या कोपऱ्यात उभे होते. दादांच्या चार गाजलेल्या चित्रपटांतले हे चार देखावे. मधला काका सिनेमाचे सेट बांधायचा, त्यानेच ते बावीस वर्षांपूर्वी हुबेहूब उभे केले होते. लोक फलाटावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी, गजांआड किंवा डेकवर बसून जेवायचे, आणि भिंतीवरून तरुण दादा त्यांच्याकडे बघून मिशीत हसायचे.

तुरुंगाचे गज आता जमिनीवर पडले होते. त्यांच्यात मांडी घालून खिळ्या बसला होता. तो मधल्या काकाचा मुलगा. लहानपणी खिशात कायम खिळे असायचे म्हणून खिळ्या. आता त्याचा स्वतःचा सुतारकामाचा कारखाना होता आणि खिशात खिळे होतेच.

"तुरुंग फोडलास वाटतं," छोटी म्हणाली.

"कैदी कधीच सुटले. मी नुसती साफसफाई करतोय." त्याने एक गज दोन बोटांनी उचलून दाखवला. "बघ, पोकळ लाकूड. लहानपणी मला वाटायचं, मोठे काका सिनेमात हे वाकवतात म्हणजे केवढी ताकद असेल."

"बाबांना सांगू नकोस हं. त्यांनाही अजून तसंच वाटतं."

दोघंही हसले. मग छोटीने आवाज खाली आणला. "आत्या?"

"आत. सकाळी सहापासून. सूप लावलंय. म्हणाली, शेवटचं एकदा सगळ्यांनी इथे जेवून जा."

"आणि सही?"

"तू विचार की. मुख्याध्यापिका तू आहेस."

"मी विचारलं की ती अशी बघते, जणू मीच वर्गात बोलताना सापडले." छोटीने फाइल कोर्टाच्या टेबलावर ठेवली. "ऐक. जेवण झालं की मी विषय काढते. तू सूपची जरा स्तुती कर."

"ती मी दरवेळी करतो."

"दरवेळीपेक्षा कमी कर. तुझी स्तुती तिला कळते."

खिळ्याने गज एकावर एक रचले. मग वर न बघता म्हणाला, "स्टेशन मी नेणार आहे. कारखान्यात उभं करीन."

"कशाला? पोपडे आलेत सगळे. हात लावला तर भिंत हातात येईल."

"माझ्या बाबांनी बांधलंय."

"आणि चित्रपट माझ्या बाबांचा आहे."

हे ती बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. बावीस वर्षांपूर्वी उद्घाटनाला याच दोघांनी याच फलाटाखाली लपून फोटोवाल्यांच्या पायांना दोरा बांधायचा बेत केला होता, म्हणजे मोठी असूनही तीच पुढे होती. "ने रे," ती म्हणाली. "घड्याळासकट ने. फक्त आज आत्यासमोर आपलं काही नको."

"आपलं कुठे काय आहे," खिळ्या म्हणाला, पण त्याचा चेहरा निवळला.

*

काकू बेकरीतून पाव घेऊन आल्या आणि फलाटावरच्या बाकावर टेकल्या. गुडघे आता चालून दमत. पावाची पिशवी मांडीवर गरम लागत होती, ती त्यांनी तशीच राहू दिली.

हा बाक त्यांच्या नवऱ्याने आठ दिवसांत तीनदा रंगवला होता. पहिल्यांदा नवा दिसतो म्हणून, दुसऱ्यांदा जास्तच जुना दिसतो म्हणून. तिसऱ्या वेळेला दादा येऊन समोर उभे राहिले, मग बाकावर बसून चित्रपटातल्यासारखं पायाजवळची नसलेली पेटी त्यांनी सरकवली. तेव्हा मधल्याने ब्रश धुतला.

काय गर्दी असायची. पहिल्या वर्षी स्टेशनावरच्या टेबलासाठी दीड महिना आधी नाव द्यावं लागे. पानं तयार झाली की शिट्टी वाजायची आणि सगळं हॉटेल टाळ्या पिटायचं. कोर्टात बसणाऱ्या मुलांना वाढपी काळा डगला घालून विचारायचा, शपथेवर सांग, आइसक्रीम किती खाणार? नवी लग्नं झालेली जोडपी मुद्दाम तुरुंग मागून घ्यायची आणि गजांतून हात बाहेर काढून फोटो काढायची. आणि चारच्या ठोक्याला दादा यायचे. जहाजाच्या शिडीवरून खाली उतरायचे, रोज, पांढऱ्या कोटात, एक हात कठड्यावर. वर शिडीला पलीकडे काहीच नव्हतं, मागच्या गल्लीतून एका मोडक्या स्टुलावर चढून त्यांना तिथे पोचावं लागे. पण उतरायला लागले की बायका घास हातात धरून बसत.

सेट टिकाऊ नव्हते, हे मधला पहिल्या दिवसापासून सांगत होता. "अगं, आम्ही तीन महिन्यांसाठी बांधायला शिकलोय," म्हणायचा. "शूटिंग संपलं की पाडायचं. पाडायचं नसलेलं कसं बांधतात, ते मला येतच नाही." म्हणून दर सोमवारी, हॉटेल बंद असताना, तो ब्रश घेऊन यायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं करायचा. सोळा वर्षं त्याने हे केलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला आणि सोमवार नुसते सुट्टीचे झाले. डेकला भेगा पडल्या. कोर्टातला तराजू एका बाजूला कलला तो कलला. दादांचे गुडघे शिडीला नाही म्हणू लागले. एकदा एक चार-पाच वर्षांची मुलगी भिंतीवरच्या चित्राकडे बोट करून आईला म्हणाली, हे कोण आजोबा? आणि आईलाही नीट सांगता आलं नाही.

पण लोक तर त्याआधीच कमी झाले होते. काकूंना हे ठाऊक होतं. सेट नवे कोरे होते, दादा रोज उतरत होते, तेव्हाही एकदा आलेलं माणूस बघून जायचं, फोटो काढून जायचं, पुन्हा फारसं यायचं नाही. का, तेही काकूंना ठाऊक होतं. आणि तीन आठवडे त्या वन्संच्या डोळ्यांत बघून दिवसांचं बोलत होत्या.

त्यांनी पिशवी उचलली तेवढ्यात शटर वर गेलं. दादा आले. ऐंशीला टेकलेले, अंगात कोट, काठी हातात, मिशी पांढरी पण कातरलेली. मागोमाग एक गुटगुटीत गृहस्थ, हातात मोजपट्टी.

"हे दारातच भेटले," दादा म्हणाले. "लवकर आलेत."

"गाद्यांचं दुकान आहे ना आमचं," ते गृहस्थ ओशाळून म्हणाले. "डबल बेड दारातून जाईल का, तेवढं बघतो. तुमचं चालू द्या."

"या की. जहाजावर बसा," दादा म्हणाले. "म्हणजे आता इथे लोक येऊन काय करणार?"

"आडवे पडून बघतात साहेब. पाठीला कशी लागते."

"बरंय," दादा म्हणाले. "आमच्याकडे नुसतं बसायला मिळायचं."

*

जेवायला सगळे फलाटावर बसले. आत्याने पातेलं आणलं, वाढलं आणि सवयीने मागे वळली. छोटीने तिचा हात धरला.

"आज कुणी गिऱ्हाईक नाहीये. बस आमच्याबरोबर."

"मला आत..."

"आत काही नाहीये. बस."

आत्या बसली. बावीस वर्षांत ती या बाजूला पहिल्यांदाच बसत होती, त्यामुळे खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी. समोर तिचं सूप होतं. मसूर, गाजर, कांदा, वरून लोण्यात परतलेला लसूण. तिन्ही भावंडांच्या आईचं सूप. मेनूकार्डावर त्याचं नाव 'पहिला सीन' होतं आणि जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी दिलं जायचं.

आत्या स्वतः ते सूप खात नसे. नवरा गेला त्या वर्षापासून ती स्वतःपुरतं बिनमिठाचं जेवत आली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि कुणी विचारलं नाही. आणि वाढायच्या आधी चाखायचं नाही, हा तर आईकडून आलेला नेम. आधी दुसऱ्याचं पोट, मग आपली जीभ, असं आई सांगायची. मीठ ती तळहाताच्या खळग्यात घ्यायची आणि वासावरून, वाफेवरून अंदाज बांधायची. सासरी चाळीस माणसांचं रांधताना नवरा पहिला घास घेऊन मान हलवायचा, तेवढी मान तिला दिवसभर पुरायची. तो गेल्यावर कुणाची मान बघावी, हे तिला कळत नसे. ती वाट बघायची, थाळ्या रिकाम्या होऊन परत येतात का.

थाळ्या रिकाम्या होऊन परत यायच्या. म्हणून तर तिला कोडं होतं.

आता ती बघत होती. खिळ्याने वाडगा पुढे ओढला, चमचा उचलला नाही, आधी मधली डबी उचलली. फिल्मच्या रिळाच्या डब्यासारखी छोटी गोल डबी, प्रत्येक टेबलावर असायची. त्याने ती सूपवर दोनदा आपटली आणि छोटीकडे सरकवली. छोटीने आपटली, काकूंकडे दिली. काकूंनी आपटली. तिघांपैकी एकानेही आधी चव घेतली नव्हती. तिघंही बोलत होते, पाव मोडत होते, हात आपसूक चालले होते.

"वा," खिळ्या म्हणाला. "आत्या, आज तर अगदी..."

"तुम्ही सगळे वरून मीठ घेता?" आत्याने विचारलं.

चमचे थांबले. जहाजावर गादीवाल्यांची मोजपट्टी सर्रकन आत गेली, तो आवाजही ऐकू आला.

"सवय गं," छोटी म्हणाली. "शाळेच्या डब्यातही घेते मी."

"चाखायच्या आधी?"

"आत्या, मला जरा जास्तच लागतं," खिळ्या म्हणाला. "डॉक्टर पण ओरडतात."

आत्या काकूंकडे बघत राहिली. काकू पाव बारीक बारीक मोडत होत्या, खाण्याजोगा उरला नव्हता.

"वहिनी, तुम्ही तर खोटं बोलत नाही."

काकूंनी हात पुसले. छोटीने टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला, नको म्हणून. काकूंनी पाय बाजूला घेतला.

"मीठ कमी असतं, वन्सं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसानंतर, कायम. सगळ्यातच."

"काकू," छोटी म्हणाली.

"राहू दे छोटे. तीन आठवडे माणूस एकच गोष्ट मागतंय. मला आता माझ्याच तोंडाची लाज वाटते." त्या आत्याकडे वळल्या. "पहिल्या आठवड्यात लोक मीठ मागायला लागले. ह्यांनी वाढप्यांना तुम्हाला सांगू दिलं नाही. रात्रंदिवस बसून या डब्या केल्या, प्रत्येक टेबलाला एक. रिळाच्या डब्या केल्या म्हणजे सजावट वाटेल, म्हणाले. नंतरच्या वाढप्यांना वाटलं, साहेबांच्या पथ्याचं जेवण आहे. गिऱ्हाइकांनाही तसंच सांगायचे."

"दादाच्या पथ्याचं," आत्या सावकाश म्हणाली. "आणि मला का नाही सांगितलंत?"

"ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिने मीठ मुद्दाम कमी केलंय. तिला वाटतंय पहिल्या दिवशी जास्त झालं. त्यावर आपण आता कमी झालं म्हणून सांगितलं, तर ती स्वयंपाकघर सोडून जाईल, आणि तिला जायला दुसरी जागा नाही."

आता खिळ्यानेही चमचा खाली ठेवला. "पहिल्या दिवशी काय झालं होतं?"

आत्याने चष्मा काढला, पुसला.

"तुझे मोठे काका घास थुंकले होते," ती म्हणाली.

दादा इतका वेळ भिंतीवरच्या स्वतःकडे पाठ करून, काळा चहा समोर घेऊन बसले होते. त्यांच्यापुढचं सूप जसंच्या तसं होतं. त्यांनी मान वर केली. "मी?"

"उद्घाटनाला. इथेच. फोटोवाले होते. मी दाराआडून बघत होते. तू एक चमचा घेतलास, डोळे मिटलेस, मान हलवलीस. त्यांनी फोटो काढले. मग तू तोंड वळवलंस आणि रुमालात टाकलंस. ते म्हणाले साहेब अजून एक. तू अजून एक घेतलास. तोही टाकलास. तीन वेळा."

दादांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. ते आठवू बघत होते आणि त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांचा हात आपोआप खुर्चीच्या उजव्या बाजूला, खाली गेला, आणि तिथेच थांबला. त्या हाताकडे ते बघत राहिले.

"बादली," ते म्हणाले.

"काय?" छोटी म्हणाली.

"जेवणाचा सीन असला की खुर्चीशेजारी बादली असते. एकेका सीनला वीस वीस टेक. सकाळी नऊचा भात संध्याकाळपर्यंत तोच. गिळत बसलं तर दुपारीच माणूस आडवं होईल. म्हणून घास घ्यायचा, चावायचा, चेहरा द्यायचा. कट म्हटलं की बादलीत. पहिल्या चित्रपटापासून. चाळीस वर्षं." त्यांचा आवाज खाली गेला. "कॅमेरा समोर आला की गिळायचं नसतं, चिंगे. मला कळलंही नसेल मी काय केलं. मी सूपची चवच घेतली नव्हती."

चिंगी ही हाक घरात आता दादाच मारत. आत्या अडुसष्ट वर्षांची होती.

"आणि नंतर?" तिने विचारलं. "बावीस वर्षं?"

"नंतर काय, मी इथे कामावर असायचो. पोट सपाट दिसायला हवं, चार वाजता कोटाची बटणं लागायला हवीत. कामावर कुठे जेवतात."

"म्हणजे तू इथे एकदाही जेवला नाहीस."

दादांनी चहाचा कप बाजूला सरकवला. जेवणाऱ्यांमध्ये ते एकटेच होते ज्यांनी मिठाची डबी घेतली नव्हती, आणि का ते आता सगळ्यांना दिसत होतं.

छोटीला वडिलांची कीव आली आणि रागही आला. फाइल तिच्या कोपराशी होती. ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती: आत्या, ही कुणाचीच चूक नाही, जाऊ दे आता. पण आत्याचा चेहरा बघून तिने फाइल उचलून मांडीवर घेतली, टेबलाखाली, दिसणार नाही अशी.

"मी निम्मं केलं होतं," आत्या म्हणाली. ती कुणाशीच बोलत नव्हती. "त्या दिवशी घेतलं त्याच्या निम्मं. रोज." मग ती उठली. दादांपुढचा वाडगा उचलला. "चल."

"कुठे?"

"आत. इथे चित्रं आहेत तुझी भिंतीवर. इथे तुला जेवता येणार नाही."

*

स्वयंपाकघराचं दार बुटकं होतं. चार देखावे मांडून जी जागा उरली, तीत ते बसवलेलं. दादांचं डोकं चौकटीला लागलं, कारण ते या दारातून आधी कधी गेलेच नव्हते.

आत दोन माणसांना एकमेकांच्या अंगावरून हात घातल्याशिवाय काही घेता येत नसे. शेगडीवर पातेलं मंद आचेवर होतं. सांडशी एका खिळ्याला, झारे एका खिळ्याला. खिडकी हातभर, तिच्यातून मागची गल्ली आणि ते मोडकं स्टूल दिसत होतं. या खिडकीतून ती त्यांना रोज चार वाजता स्टुलावर चढताना बघत असणार, हे दादांच्या लक्षात आलं. पांढरा कोट वर उचलून धरलेला, एका हाताने भिंतीचा आधार. पुढून काय दिसायचं ते शेकडो लोकांनी बघितलं होतं. मागून काय दिसायचं, ते हिने.

आत्याने थंड सूप परत पातेल्यात ओतलं, ढवळलं आणि पाव वाडगा भरून त्यांच्या हातात दिला.

"उभ्यानेच खा. खुर्ची नाही इथे."

दादांनी चमचा भरला. कॅमेऱ्यासमोरचे अनेक घास त्यांना येत होते. भुकेल्या माणसाचा घास, आईच्या हातचं खूप वर्षांनी मिळालेल्या मुलाचा घास, ज्यात दुसऱ्या चमच्याला डोळे भरतात. यातला कुठलाही घेतला असता तरी ती बाहेर जाऊन सही करून मोकळी झाली असती. बाहेर सगळे त्याचीच वाट बघत होते. त्यांनी डोळे मिटायला सुरुवातही केली होती. मग त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्या गळ्यावर होती, घास खाली उतरतो का तेवढंच बघत.

त्यांनी डोळे उघडेच ठेवले आणि गिळलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"किती?"

"बरंच. लसूण छान लागतोय. पण मीठ नाही."

आत्याने डबा उघडला, थोडं मीठ तळहातावर घेतलं, पातेल्यात सोडलं. ढवळलं. दोन पळी वाढलं. "आता?"

"अजून."

पुन्हा मीठ, पुन्हा पळी. "आता?"

"अजून लागेल थोडं. थांब, घाई करू नकोस, भाजतंय." त्यांनी फुंकर मारली. "गाजराचं आता कळायला लागलं."

ती घालत होती, ते खात होते. प्रत्येक वेळी ती गळ्याकडे बघायची. बाहेर गादीवाले काहीतरी विचारत होते आणि छोटी त्यांना हळू आवाजात, थांबा जरा, म्हणत होती. काकूंचा आवाज आला, "पाव घ्या ना तुम्ही तोवर."

"आता?"

दादांनी चमचा तोंडात धरून ठेवला. गिळला. वाडग्यात बघितलं, दुसरा चमचा घेतला आणि मग लागोपाठ तिसरा. उत्तर द्यायचं राहून गेलं.

"दादा, आता?"

"हं," ते म्हणाले. "हं, आता बरोबर. आईचं असंच असायचं."

आत्या डबा हातात धरून उभी राहिली. तळहाताच्या खळग्यात उरलेलं मीठ होतं. ती बोटांनी काहीतरी मोजत होती, चार वेळा घातलेलं, त्यात सकाळचं मिळवून.

"एवढंच घातलं होतं मी," ती म्हणाली. "त्या दिवशी. एवढंच."

दादांनी वर बघितलं. त्यांनी रिकामा वाडगा तिच्यापुढे धरला. तिने भरून दिला, काठोकाठ.

मग तिने पदराला हात पुसले आणि दारातून मान बाहेर काढली.

"छोटे, ते कागद आण. तुझ्या मांडीवर आहेत ते. आणि पेन."

छोटी आली, दारात वाकून उभी राहिली. आत यायला जागाच नव्हती. आत्याने फाइल चिरायच्या पाटावर ठेवली, मिठाचा डबा सरकवून कोपराला जागा केली. "कुठे?"

"इथे. या ओळीवर. आणि मागच्या पानावर एक." छोटी घुटमळली. "आत्या, तुला हवे असतील तर अजून चार दिवस..."

"नको. मला काय हवं होतं ते कळलं." तिने चष्मा नीट केला. "त्या गादीवाल्यांना वाढ. तुम्हीही पुन्हा घ्या, आधीचं ओतून द्या. गरम आहे तोवर."

ती वाकली आणि सही करू लागली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. तिच्या पाठीशी, भिंतीला टेकून, दादा जेवत होते. तोंडाने आवाज होत होता, मिशीला सूप लागलं होतं, कोटावर एक थेंब पडला होता. त्यांनी तो पुसला नाही.